मुकुंदरावांचा नळ

कुंभकोणमच्या त्या मराठी गल्लीत एके काळी न्यायाला रोज संध्याकाळी पाचला सुरुवात व्हायची आणि सातच्या सुमाराला घराघरांतून रसमच्या फोडणीचा वास सुटला की न्याय आटपायचा. जागा ठरलेली होती, मुकुंदरावांची तिण्णै. तिण्णै म्हणजे घरापुढचा ओटाच, पण त्या तिण्णैला नुसता ओटा म्हटलं असतं तर गल्लीतल्या चार जाणत्या माणसांनी तुमच्याशी बोलणं टाकलं असतं. लाल गिलाव्याची, पाठ टेकायला उतार असलेली, ऐन वैशाखातही गार. मुकुंदरावांना ते दिवस आठवले की आधी पाठीला तो गारवा आठवायचा, मग माणसं.

माणसं तशी मोजकीच. समोरच्या घरातून कल्याणराम यायचा, वकिलाकडे कारकून. कोर्टात दिवसभर तोंड बंद ठेवावं लागे, त्याचं उट्टं तो इथे काढायचा. तुकोजी पोलिसातून हेड कॉन्स्टेबल होऊन निवृत्त झालेला. त्याचे पणजोबा तंजावरच्या महाराजांच्या पागेत होते, आणि तुकोजी तिण्णैवरही रिकिबीत पाय असल्यासारखा बसायचा. चौथा स्वामीनाथ, पितळी समयांचा व्यापारी. तो तमिळ, पण या लोकांत उठबस करून त्याला मराठी सगळं समजायचं. तो तमिळमध्ये बोले, बाकीचे मराठीत उत्तर देत, आणि इतक्या वर्षांत कुणाचं काही अडलं नाही.

मुकुंदराव स्वतः सबकोर्टात मोडी कागदांचे भाषांतरकार होते. राजाच्या पोटी मुलगा नाही एवढ्यावरून कंपनी सरकारने तंजावर खालसा केलं, त्याच वर्षी त्यांचा जन्म. वडील राजवाड्यात मोडी लिहायचे. वाडा गेला, पगार गेला, बिऱ्हाड बैलगाडीत घालून मंडळी कुंभकोणमला आली. वडील जेवताना रोज एकदा तरी म्हणत, "हा न्याय नव्हे." कंपनी सरकारला म्हणत, शेजाऱ्याच्या म्हशीला म्हणत, आणि भात गिच्च झाला तरी तेच म्हणत. असं ऐकत वाढलेल्या मुलाला न्यायाचं वेड लागलं नसतं तरच नवल.

आणि वेडच होतं ते. मिठावरचा कर गरिबाला आणि सावकाराला सारखाच, हा न्याय का? गोऱ्या साहेबाला थंड हवेच्या डोंगरावर जायला भत्ता आणि उन्हात पोस्टाचा थैला वाहणाऱ्याला साधी छत्रीही नाही, हा न्याय का? गल्लीच्या समाराधनेत पंगतीच्या शेवटी तूप कायम पातळ का होतं? या शेवटच्या प्रश्नावर तिण्णैवर पाच संध्याकाळी खर्ची पडल्या. शेवटी मुकुंदरावांनी नियम घातला की एका वर्षी वाढप पूर्वेकडून सुरू करायचं, दुसऱ्या वर्षी पश्चिमेकडून. गल्लीने तो मान्य केला. तेव्हापासून कुणाचं काही अडलं की लोक म्हणत, मुकुंदरावांना विचारा, ते आपलं-परकं बघायचे नाहीत. हे ऐकलं की मुकुंदराव मान खाली घालत, पण ऐकू आलं नाही असं कधी झालं नाही.

घरात सीतालक्ष्मी होती. मुलगा चेन्नपट्टणला, म्हणजे मद्रासला, रेल्वेच्या कचेरीत, त्याची बायको त्रिपुरसुंदरी तिकडेच. इथे दोघंच. सीतालक्ष्मी कमी बोलायची. तिण्णैवर आवाज चढले की ती आतून पानाचं तबक सरकवायची, आणि तबक आलं की आवाज खाली यायचे. तिचं काही मत असेल असं मुकुंदरावांना वाटत नसे. तिला कमी लेखत असं नाही, तसं कधी मनातच येत नसे.

दिल्लीत बादशहाचा दरबार भरला, त्याच्या पुढच्या वर्षी गावात नळ आले. कुंभकोणमला विहिरी बहुतेक घरी होत्या, पण त्या गल्लीतल्या विहिरींचं पाणी मचूळ. अंघोळीला, भांड्यांना चालायचं, पिण्याला आणि डाळ शिजवायला नाही. गोडं पाणी कावेरीवरून. बायका मेलकावेरीच्या बाजूच्या घाटावर पहाटे जात आणि उजाडायच्या आत कमरेवर घागर घेऊन येत. उन्हाळ्यात नदी आटली की वाळूत झिरे खणायचे आणि वाटीवाटीने घागर भरायची. सीतालक्ष्मीचे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते.

गल्लीला एक नळ मिळणार होता, एकच. पाणी सकाळी सहा ते आठ. ओव्हरसियर आला आणि जाणता माणूस म्हणून थेट मुकुंदरावांकडे गेला. जागा तुम्हीच सांगा म्हणाला, आणि हळूच असंही म्हणाला की तुमच्या दारात घालायला माझी ना नाही.

मुकुंदरावांच्या आयुष्यातला तो मोठा दिवस. ते दारात नळ घेणार नव्हते हे सांगायला नकोच. पण मग कुठे? चार संध्याकाळी खल झाला. गल्लीच्या वरच्या अंगाला मराठी ब्राह्मणांची घरं, खालच्या अंगाला रेशमाला रंग देणाऱ्यांची आणि विणकरांची. तिरुभुवनम्‌चे व्यापारी त्यांच्याकडूनच सूत रंगवून नेत. कल्याणराम म्हणाला वरच्या अंगाला, कर आपण जास्त भरतो. स्वामीनाथ म्हणाला खाली, डोकी तिकडे जास्त. नळाच्या आत चामड्याची चकती असते असंही कुणी काढलं, म्हणजे सोवळ्याचं काय? वाहत्या पाण्याला विटाळ नसतो, हे मुकुंदरावांनी दोन ग्रंथांचे आधार देऊन सिद्ध केलं आणि तो मुद्दा निकालात काढला. मग त्यांनी दोरी मागवली. दुपारी तीनला, उन्हात, तुकोजीने एक टोक धरलं आणि स्वामीनाथने दुसरं. गल्ली मोजली. एकूण शेहेचाळीस घरं, म्हणजे इकडे तेवीस आणि तिकडे तेवीस. मधोमध जिथे दोरी आली ती जागा छत्राच्या दारासमोर होती. छत्र म्हणजे महाराजांच्या वेळची धर्मशाळा, दुपारच्या वेळी तिथे चिटपाखरू नव्हतं. मुकुंदरावांनी टाच रोवून खूण केली. ना कुणाला एक हात जास्त, ना कुणाला कमी.

त्या दिवशी जेवताना सीतालक्ष्मी ताक वाढता वाढता थांबली.

"एक बोलूं कां?" ती म्हणाली.

"नळाचें असेल तर नको," मुकुंदराव म्हणाले. "मी पंच आहें. घरच्या माणसाचें ऐकून ठरविलें असें कुणी म्हटलें तर माझें तोंड कुठें राहिलें?"

 तिने ताक वाढलं आणि ती आत गेली. मुकुंदरावांना बरं वाटलं. बिचारीला दारात नळ हवा असणार, गुडघे दुखतात, समजण्यासारखं आहे. पण आपण मोह आवरला. त्या घासाला ताकभातही गोड लागला.

नळ बसला तेव्हा कुणीतरी त्याला झेंडूची माळ घातली आणि दुसरी मुकुंदरावांच्या गळ्यात. ते घरी आले तेव्हा सीतालक्ष्मी दारात उभी होती. तिने त्यांच्याकडे बघितलं, माळ उतरवून घेतली आणि देवाला घातली. आणि मग वर्षं गेली. किती छान गेली. तिण्णैवर युद्धाच्या बातम्या आल्या, तांदूळ महागला, टिळक गेले, गांधींचं नाव आलं. बोलायला विषय होते, ऐकायला माणसं होती, आणि घरात तांब्याच्या हंड्यात वाळा घातलेलं गार पाणी होतं. बोलून घसा सुकला की मुकुंदराव फुलपात्रभर पाणी पीत आणि म्हणत, "पाणी म्हणजे नळाचें." कल्याणराम मान डोलवायचा. तेव्हा आपण सुखी आहोत हे कुणी सांगितलं असतं तर मुकुंदरावांनी त्यावरही दोन बाजू मांडल्या असत्या.

नवव्या वर्षी फाल्गुनात सीतालक्ष्मीला ताप आला. पाचव्या दिवशी ती गेली. मुकुंदरावांनी तेरा दिवस सगळं यथासांग केलं. मुलगा कचेरीला परत गेला आणि सून महिनाभर सासऱ्यांसाठी मागे राहिली. दिवसकार्यातल्या स्वयंपाक्यालाच तिने ठेवून घेतलं, पाणी आणायचं काम त्याच्याकडे दिलं.

चौदाव्या दिवशी सकाळी मुकुंदरावांनी फुलपात्र तोंडाला लावलं आणि खाली ठेवलं. हंडा नीट घासला नसेल असं वाटून त्यांनी तो चिंचेने घासून घ्यायला सांगितला. तरी तेच. पाण्याला लोखंडाची चव होती, आणि काहीतरी नव्हतं, जे रोज असायचं.

"हें कुठलें पाणी?" त्यांनी विचारलं.

"नळाचं, मामंजी," त्रिपुरसुंदरी म्हणाली. "आपल्या गल्लीतल्या. तुमच्याच नळाचं."

ते म्हणाले, रोजचं दे. ती म्हणाली रोजचं म्हणजे? ते म्हणाले रोजचं म्हणजे नळाचंच, पण रोजचं. सुनेने स्वयंपाक्याकडे पाहिलं आणि स्वयंपाक्याने छताकडे. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय असं दोघांनाही वाटलं, आणि त्यांचा दोष नव्हता.

माजघरात गोमती बसली होती, कल्याणरामची बायको. सीतालक्ष्मीच्या जुन्या लुगड्यांच्या घड्या करायला सुनेला मदत करत होती. ती दाराआड आली आणि तिथूनच बोलली.

"भाऊजी, तुमच्या घरांत नळाचें पाणी कधीं आलेंच नाहीं. सीता आणि मी कावेरीवरूनच आणीत होतों."

मुकुंदरावांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी विचारलं, कधीपर्यंत. गोमती म्हणाली, ताप आला त्या पहाटेपर्यंत दोघी, मग कालपर्यंत मी एकटी.

"नऊ वर्षें?"

"नऊ वर्षें. वैशाखांत झिरे खणून."

"कां पण? नळ होता कीं."

गोमतीने हातातलं लुगडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "उद्यां सकाळीं सहाला जाऊन पाहा. दुपारीं नको."

दुसऱ्या दिवशी सहाला मुकुंदराव काठी घेऊन गेले. दुपारी चिटपाखरू नसलेलं छत्र सकाळी माणसांनी फुललेलं होतं. गाडीवान, वाटसरू, बाजाराला आलेली परगावची माणसं. नळाला गराडा. लंगोटी लावून अंघोळी चाललेल्या, कुणी बैल धूत होता, छत्राच्या कट्ट्यावर दहाबारा जण पान चघळत येणाऱ्याजाणाऱ्याकडे टक लावून बसलेले. खालच्या अंगाची एक बाई घागर घेऊन आली, बैलांच्या अलीकडे उभी राहिली. कट्ट्यावरचा कुणीतरी काही बोलला आणि बाकीचे हसले. बाईने पदर ओढला, वळली आणि नदीच्या वाटेने गेली. मुकुंदराव तिथे आठ वाजेपर्यंत उभे होते. दोन तासांत गल्लीतली एकही बाई नळापर्यंत पोचली नाही.

परसदारातून भरलेली घागर आत येताना त्यांनी कितीदा तरी पाहिली होती. नळावरून आली असणार, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. विचारलं नव्हतं.

घरी येऊन ते माजघराच्या दाराशी उभे राहिले. गोमती होतीच. सूनही होती. त्यांना सुनेदेखत विचारायची लाज वाटली, तरी त्यांनी विचारलं. सीतेने कधी सांगितलं का नाही?

गोमती म्हणाली, "माळ घालून आलांत ना तुम्ही, तुमचें तोंड पाहून आली तशी माझ्याकडे. म्हणाली, इतके आनंदांत आहेत, आतां काय सांगूं. चार पावलें जास्त चालूं. झालें."

मुकुंदरावांनी मान हलवली. आणि मग जे नऊ वर्षं त्यांना माहीत आहे असं वाटत होतं, ते त्यांनी नुसतं खात्रीसाठी विचारलं. तिला नळ आपल्या दारात हवा होता, होय ना?

गोमतीने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांना खाली बघावं लागलं.

"तुमच्या दारांत? नाहीं, भाऊजी. खालच्या वळणावर, पिळ्ळैयारापाशीं. रंगाऱ्यांच्या घरांकडे. तिथें कट्टा नाहीं, पुरुष बसत नाहींत. पहाटे दिवा लावायला सगळ्या बायका जातातच तिथें. म्हणायची, त्या बायकांना तर मचूळ पाण्याचीही विहीर नाहीं, कडेवर पोरें, हात दिवसभर रंगांत. आमच्या घरीं दोन माणसें, आम्हांस किती लागतें. आम्ही चालूं. हेंच तुम्हांस ती सांगणार होती."

पिळ्ळैयाराचं, म्हणजे गणपतीच्या देवळाचं, ते वळण मुकुंदरावांच्या घरापासून गल्लीतलं सगळ्यांत लांबचं टोक होतं.

 ते आत जाऊन देवासमोर बसले, पण पूजा झाली नाही. ती आपल्यापुरतं मागेल म्हणून त्यांनी तिचं तोंड बंद केलं होतं. गल्लीतल्या शेहेचाळीस घरांत कुणावर संशय न घेणाऱ्या माणसाने एकीवर घेतला होता, आणि ती त्याला जेवायला वाढत होती. तिच्याशी बेचाळीस वर्षं संसार झाला आणि तिला काय वाटतं ते त्यांना शेजारणीकडून कळलं. मिठाचा कर तिला न्याय्य वाटत होता का? पंगतीचं तूप? आपण तंजावरचे की इथले? तिला काहीतरी वाटत असणारच. त्यांना ते सगळं आता ऐकावंसं वाटलं.

दुपारी त्यांनी नळ पिळ्ळैयाराच्या वळणावर हलवावा असा अर्ज लिहिला. तो अर्ज पुढे मंजूर झाला, नळ हलला, अजून तिथे पहाटे बायकांची गर्दी असते. ते सगळं नीट झालं.

पण त्या संध्याकाळी हे काही ठाऊक नव्हतं. पाचला मंडळी जमली. दुःखाच्या घरी आलो म्हणून जरा वेळ कुणी विषय काढला नाही, मग कल्याणरामला राहवलं नाही. चेन्नपट्टणच्या विधिमंडळाने बायकांना मत द्यायचं ठरवलं होतं, आणि वृत्तपत्र वाचल्यापासून तो धुमसत होता. तुकोजी म्हणाला, माझी बायको मत कुणाला देईल ते मीच सांगणार, मग सरकारने कागद कशाला वाया घालवायचा. स्वामीनाथने आपल्या तमिळमध्ये यावर एक चावट गोष्ट सांगितली. तिघं हसले.

"गंमत सोडा," कल्याणराम म्हणाला. "न्यायानें पाहा. एका घराचें मत एकच असतें. त्या घराला दोन मतें दिलीं तर ज्याच्या घरीं बायको नाहीं त्या एकट्या माणसावर अन्याय नव्हे कां?"

आणि सवयीने सगळे मुकुंदरावांकडे वळले.

"माझ्या घरीं दोन मतें होतीं," मुकुंदराव म्हणाले. "मी एकच मोजलें. आणि तें चुकीचें होतें."

मग त्यांनी सगळं सांगितलं. ओव्हरसियर, दोरी, ताक, वळण, सकाळचे दोन तास. गोमतीचं नाव सोडून काही गाळलं नाही आणि स्वतःला सवलत दिली नाही. हा माणूस जन्मात पहिल्यांदा चुकलो म्हणत होता, आणि ते ऐकायची कुणाला सवय नव्हती. कल्याणराम चुळबुळत राहिला. शेवटी उसनं हसून म्हणाला, वहिनींचं काय असेल ते असेल, आमच्याकडे तसं नाही, आमच्याकडे पहिल्यापासून नळाचंच पाणी.

"जाऊन विचार," मुकुंदराव म्हणाले.

कल्याणराम रस्ता ओलांडून आपल्या घरात गेला. बराच वेळ आला नाही. आला तो पायरीवरच थांबला, वर चढला नाही.

"नदीचें," तो म्हणाला, आणि आल्या वाटेने परत घरात गेला.

तुकोजीने पगडी नीट केली. जरा घरी जाऊन येतो म्हणाला आणि निघाला, नेहमीच्या ऐटीत नाही. स्वामीनाथ थोडा वेळ बसला, मग दुकानात दिवा लावायचा राहिलाय असं पुटपुटत उठला. दुकान डावीकडे होतं, तो उजवीकडे घराच्या दिशेने गेला.

तिण्णै गार होती. सात वाजायला अजून अवकाश होता. घरात जाऊन विचारायला जिच्या धन्याला कुणी उरलं नव्हतं अशी गल्लीत ती एकच तिण्णै होती, आणि मुकुंदराव तिच्यावर एकटे बसून राहिले.